लेखन अडलं तर: स्वतःच्या अनुभवातून पुन्हा लिहितं कसं व्हायचं

नव्याने लिहू लागलेल्यांचं लेखन बहुधा एकाच ठिकाणी अडतं. मथळा ठरलेला असतो. 'माझं गाव', 'आजी', 'कोकणातला पाऊस' असं काहीतरी. तीन-चार ओळी होतात आणि हात थांबतो. मग वाटायला लागतं, आपल्याकडे शब्दच नाहीत, हे आपलं काम नव्हे. कारण सहसा याहून साधं असतं. विषय एवढा मोठा घेतलेला असतो की त्याला कुठून हात घालायचा तेच कळत नाही. 'आजी' हा विषय घेऊन कुणालाच लिहिता येत नाही. फणसाची कुयरी चिरायला बसताना आजी हाताला तेल कुठपर्यंत चोळायची, विळीच्या पात्याला आधी लावायची की नंतर, चीक लागलेला हात कशाला पुसायची, हे मात्र लिहिता येतं. तेवढं लिहिलं की आजी आपोआप येते.

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात राहून लिहू पाहणाऱ्यांसाठी आणि तिथून मुंबई-पुण्याला गेलेल्यांसाठी ही पद्धत मांडली आहे. कथा, ललित लेख, आठवणी, कविता यांपैकी काहीही लिहायचं असलं तरी सुरुवातीचे टप्पे तेच राहतात. लागतं फार थोडं: एक दोनशेपानी वही, पेन, आणि गजर लावायला फोन. वही नवी आणि महागाची घेऊ नका. चांगल्या वहीत वाईट ओळ लिहायला हात धजत नाही, आणि आपल्याला पहिले काही दिवस वाईट ओळीच लिहायच्या आहेत.

आधी बघा, नेमकं काय अडलंय

काहीच सुचत नाही, सुचतं खूप पण निवडता येत नाही, लिहितो आणि लगेच खोडतो, निम्मं झालं आणि पुढे जाईना: ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्या दोन्हींवर पुढची यादी आणि नकाशा उपयोगी पडतात. खोडणाऱ्यांनी थेट 'पंधरा मिनिटं' या भागाकडे जावं. निम्म्यावर अडलेल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. आणि रोज दहा तास काम करून, दोन गाड्या बदलून रात्री घरी आल्यावर सुचत नसेल, तर तो थकवा आहे. त्याला लेखनाचा उपाय चालत नाही. वेळ बदला, सकाळची पंधरा मिनिटं काढा.

पहिलं काम: तीस नोंदींची यादी

वीस मिनिटांचा गजर लावा. वहीच्या एका पानावर स्वतःच्या आयुष्यातल्या तीस गोष्टी लिहा. प्रत्येक नोंद चार-पाच शब्दांची, वाक्य करायचं नाही. सुचेनासं झालं तर या खुंट्यांना धरून पुढे जा: हातांनी केलेली कामं, घरात जिथे जायला मनाई होती त्या जागा, ज्याची वाट पाहिली ते माणूस किंवा वस्तू, ज्याची भीती वाटायची ते, पहिल्यांदा मिळालेले पैसे, हरवलेली वस्तू, न दिलेलं उत्तर.

तीसच का, हे समजून घ्या, कारण बहुतेक जण बाराव्या नोंदीला उठतात. पहिल्या दहा नोंदी सगळ्यांच्या सारख्याच निघतात: आंबे, समुद्र, गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी. त्या आपल्या कमी आणि ऐकलेल्या, वाचलेल्या जास्त असतात. दुसऱ्या दहांत घरातली माणसं येऊ लागतात. विसाच्या पुढे डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं आणि नेमकं तिथेच 'पोस्टमनला बघून काकू आत गेली', 'बंद घराची किल्ली शेजारी', 'दादरला ट्रंक उचलणारा हमाल' असलं काहीतरी वर येतं. उपयोगाच्या नोंदी बहुतांशी शेवटच्या दहांतल्याच असतात.

वयाने मोठे असाल तर साधारण दहा ते तीस या वयातला काळ आधी खणा. माणसाला उतारवयात याच वर्षांतल्या आठवणी सर्वांत जास्त येतात, असं स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पहिली नोकरी, पहिलं भाड्याचं घर, लग्न, गाव सोडणं हे सगळं बहुधा त्याच काळात घडतं. पंचविशीतल्यांना ही सोय नाही. त्यांनी मागच्या पाच वर्षांतलं घ्यावं. भरतीची परीक्षा, पर्यटकांना होडीतून फिरवणं, घरच्या होमस्टेत पाहुण्यांची अंथरुणं बदलणं हाही अस्सल अनुभव आहे. जुनं असेल तरच साहित्य होतं, हा समज सोडा.

यादी झाली की त्याच दिवशी लिहायला बसू नका. दुसऱ्या दिवशी वाचा आणि ज्या तीन नोंदींपाशी जरा अवघडल्यासारखं होईल त्यांच्यापुढे खूण करा. आवडत्या नोंदींवर नको. आवडत्या आठवणी आपण इतक्यांदा सांगितलेल्या असतात की त्यांचे कोपरे झिजून गेलेले असतात.

दुसरं काम: घराचा नकाशा

आठवण तारखेपेक्षा जागेला जास्त चिकटून असते. म्हणून एक कोरा कागद घ्या आणि ज्या घरात लहानपण गेलं त्याचा वरून पाहिल्यासारखा नकाशा काढा. चित्रकला लागत नाही, चौकोन पुरे. अंगण, ओटी, पडवी, माजघर, देवघर, सैपाकघर, न्हाणी, मागीलदार, गोठा, विहीर. चाळीतली खोली असेल तर आणखी बरं: दहा बाय दहाच्या खोलीत कोण कुठे झोपायचं, पलंगाखाली कुणाची पेटी होती, मोरीपाशी पडदा होता की नव्हता, सामाईक नळाची रांग कुठवर यायची. दहा मिनिटांत रेघा पूर्ण करा.

मग नकाशावर पाच फुल्या मारा. एक, जिथे मार खाल्ला. दोन, जिथे कुणी रडताना दिसलं. तीन, जिथे लपता यायचं. चार, जिथे पैसे ठेवलेले असायचे. पाच, जिथे दुपारी उजेड पडायचा.

पाचवी फुली फालतू वाटते, पण तिचा फायदा सर्वांत जास्त होतो. कौलारू घरात काळोख फार म्हणून छपरात एखादं काचेचं कौल बसवायचे. त्यातून ऊन माजघरात उतरायचं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर त्याचा चौकोन पडायचा. सकाळी तो भिंतीला, दुपारी जमिनीच्या मध्यावर, मग सरकत सरकत उंबऱ्याकडे. त्या उजेडात धूळ वर-खाली होताना दिसायची. तुमच्या घरात असं कौल असेल, तर त्या चौकोनात कोण काय घेऊन बसायचं? तांदूळ निवडणारी आई? पेपर डोळ्यांशी धरून वाचणारे आजोबा? आणि तो चौकोन उंबऱ्यापाशी पोचला की घरात काय व्हायचं, चहा ठेवला जायचा की गुरं सोडायला कुणीतरी उठायचं? या प्रश्नांची उत्तरं सलग लिहिली तर एक पान होतं, आणि त्या पानात घर, माणसं, वेळ, हालचाल असं सगळं आलेलं असतं. 'आमचं घर खूप सुंदर होतं' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही.

नकाशात एखादी जागा कोरी राहते. माजघराच्या पलीकडे काय होतं ते आठवतच नाही. ती अंदाजाने भरू नका, तिथे प्रश्नचिन्ह करा. पुढे कुणाला काय विचारायचं ते त्या प्रश्नचिन्हांवरून ठरतं.

तिसरं काम: हातचं एखादं काम लिहून काढा

सुचत नसताना सर्वांत भरवशाचा उपाय हाच आहे. तुम्हाला स्वतःला येणारं किंवा रोज जवळून पाहिलेलं एक काम घ्या आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने लिहा. जाळं विणणं, तरवा काढून लावणी करणं, काजूबिया भाजून फोडणं, झावळीची हिरं काढून केरसुणी बांधणं, रापण ओढणं, एसटीची कंडक्टरकी, शिलाई मशीनवर ब्लाऊज बेतणं, काहीही. भावना लिहायच्या नाहीत. मत लिहायचं नाही. फक्त कृती.

हे चालतं त्याचं कारण असं की कामाला स्वतःचा क्रम असतो. 'यानंतर काय लिहू' हा प्रश्नच पडत नाही, कारण यानंतर काय करायचं ते ठरलेलं असतं. शिवाय हातांना आठवतं ते डोक्याला आठवत नाही. लिहिता लिहिता बोटं हलवून बघा, मधले विसरलेले टप्पे सापडतात.

आमसुलं करण्याचं उदाहरण घ्या. नवखा माणूस लिहितो: 'मे महिन्यात आई खूप कष्ट करून आमसुलं करायची. त्या आमसुलांची चव आजही जिभेवर आहे.' इथे गाडी थांबते, कारण सांगण्यासारखं सगळं संपलं. आता तेच कृतीने लिहा. पिकलेले रातांबे उतरवून आणले. फोडले. साल एकीकडे, बिया-गर एकीकडे. बियांना मीठ चोळून रस सुटू दिला. साल उन्हात टाकली. मग ती त्या रसात भिजवली, पुन्हा उन्हात टाकली, पुन्हा भिजवली. अशी पुटं देता देता साल काळपट आणि लवचीक झाली. बियाही फुकट गेल्या नाहीत, त्यांचं तेल निघालं आणि ते थंडीत टाचांच्या भेगांना लागलं.

एवढं लिहून झालं की परत वर जा आणि प्रत्येक टप्प्यापाशी दोनच प्रश्न विचारा: हे कोण करायचं? आणि इथे काय बिघडायचं? वळवाची सर आली की अंगणातली साल गोळा करायला कोण धावायचं? बोटांना चढलेला रंग घेऊन शाळेचा निकाल आणायला गेलात का? विकायची कुठली आणि घरची कुठली हे कोण ठरवायचं, आणि विकून आलेले पैसे कुणाच्या हातात पडायचे? शेवटच्या प्रश्नाशी बहुधा खरी गोष्ट सुरू होते. ती आधीपासूनच तिथे होती, पण 'आईचे कष्ट' असं म्हणून तिच्यापर्यंत पोचता आलं नसतं.

चौथं काम: पंधरा मिनिटं, न थांबता

खूण केलेल्या तीन नोंदींपैकी एक घ्या. पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर होईपर्यंत पेन उचलायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. शब्द आठवला नाही तर तिथे फुली मारून पुढे जा. अगदीच अडलात तर 'पुढे काय झालं तर' एवढे शब्द लिहा आणि वाक्य पूर्ण करा. हाताने लिहिलं तर पंधरा मिनिटांत साधारण दीड-दोन पानं होतात. त्यातला बराचसा भाग टाकाऊ असतो, आणि तसाच असायला हवा.

सुरुवात कुठून करायची यावरच नव्यांचा निम्मा वेळ जातो. त्यासाठी एक ठरीव सोय करून ठेवा: पहिलं वाक्य एखाद्या माणसाच्या हालचालीचं किंवा बोलण्याचं घ्या. पावसाने, समुद्राने, 'मला अजून आठवतं' याने सुरुवात करायची नाही. 'भाऊंनी ट्रंक ओटीवर ठेवली आणि चपला न काढताच पाणी मागितलं' असं काहीतरी. तीन प्रश्न लगेच तयार होतात: भाऊ कुठून आले, ट्रंकेत काय, पाणी कोण आणतं.

गजर झाला की थांबा. वाक्य अर्धं असलं तरी थांबा, मुद्दाम अर्धंच सोडा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापेक्षा अर्धं वाक्य फार सोपं जातं. असं आठवड्यातून पाच दिवस करा. सहाव्या दिवशी सगळं एकदम वाचा आणि लाल पेनाने फक्त चांगली वाक्यं अधोरेखित करा. दहा पानांत सहा-सात ओळी निघाल्या तरी आठवडा सत्कारणी लागला असं समजा.

बसून लिहवत नसेल तर बोला. फोनच्या कीबोर्डवर मराठी आवाजी टंकलेखनाची सोय असते. माइकची खूण दाबून सांगत सुटायचं. विरामचिन्हं बहुधा येत नाहीत आणि मालवणी किंवा संगमेश्वरी बोललात तर यंत्र काहीच्या काही उमटवतं, म्हणून सोबत ध्वनिमुद्रण करून ठेवा. आणि समोर खरोखर कुणीतरी बसवा. भाचीला सांगताना माणूस जे वाक्य सहज बोलून जातो, ते कागदावर लिहायला त्याला तासभर लागतो.

मोठ्यांना विचारताना

नकाशातली प्रश्नचिन्हं घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. 'तेव्हा कसं होतं हो?' असं विचारू नका. 'काय सांगू, ते दिवसच वेगळे' एवढंच उत्तर मिळेल. पोकळ प्रश्नाला पोकळ उत्तर. नेमकं विचारा: पहिली एसटी गावात कुठपर्यंत यायची? मनीऑर्डर आली की सही कोण करायचं? कंदिलाची काच कोण पुसायचं? गौरीच्या ओवशाला सूप कुठून आणायचात? समोर वस्तू ठेवली तर फारच छान. रोवळी, इरलं, पायली, जात्याचा खुंटा, जुनं रेशनकार्ड. वस्तू हातात आली की बोलणं हातातून सुरू होतं.

अर्ध्या तासाहून जास्त बसवू नका. ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी सांगा आणि विचारा. मधे शांतता आली तर ती लगेच भरू नका, चांगली गोष्ट त्या शांततेनंतर येते. आणि 'ते राहू दे' असं कुणी म्हणालं, तर राहू द्या.

आठवणीला तारखेचा खुंटा

आठवण ही साठवून ठेवलेली फीत नाही. दर वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, आणि जुळवताना दोन प्रसंग एकात मिसळतो, ऐकलेलं पाहिलेलं करतो. लिहिणाऱ्याला त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण तपासायला हवं. त्यासाठी ठाम तारखांच्या घटना हाताशी ठेवा. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झाला. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला वेगळा झाला. मुंबईतला गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत 'संपाच्या आधी' आणि 'संपानंतर' अशीच वर्षं मोजली जातात. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर 26 जानेवारी 1998 पासून धावू लागली. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं, चिपळूणचा मोठा पूर 22 जुलै 2021 चा.

आता आपली आठवण यांच्या अलीकडे की पलीकडे ते बघा. 1992 साली आपण रेल्वेने कणकवलीला उतरलो असं ठामपणे आठवत असेल, तर काहीतरी घोटाळा आहे. तेव्हा तिथवर गाडीच जात नव्हती. बहुधा एसटीच्या रात्रीच्या प्रवासावर पुढचा रेल्वेचा प्रवास बसला आहे. हा घोटाळा सोडवायला बसलात की दोन्ही प्रवास वेगळे होऊन परत येतात. एसटीतल्या उलट्या, महाडला थांबलेली गाडी, रेल्वेच्या बोगद्यात एकदम बंद झालेलं बोलणं. एकाच्या जागी दोन प्रसंग हातात.

वर्ष आठवत नसेल तर निदान महिना पावसाच्या नक्षत्रावरून शोधा. शेतकरी घरात 'मृगात', 'तरण्या पावसात', 'म्हाताऱ्या पावसात' असंच बोललं जायचं. तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य. त्यावरून महिना ठरतो, महिन्यावरून शेतात कुठलं काम चालू होतं ते, आणि कामावरून घरात कोण होतं नि कोण नव्हतं ते.

भावंडांच्या आठवणी जुळत नाहीत तेव्हा वाद घालू नका. 'ताई म्हणते तेव्हा दिवे गेले होते, मला मात्र आजोबांचा चेहरा स्पष्ट दिसतो' असं दोन्ही लिहा. कुणाचं खरं, हे ठरवण्यापेक्षा दोघांना वेगळं का आठवतं, हेच लिहिण्यासारखं असतं.

साठ्यातून लेख

आठवडा-पंधरवड्याने वहीत वीसेक पानं जमतात. त्यांतून एकच प्रसंग निवडा. एका दिवसाचा असावा, एका-दोन जागांत घडणारा, तीन-चार माणसांचा. पहिल्या लेखासाठी आठशे ते हजार शब्द पुरेत. सगळं बालपण त्यात कोंबायचा मोह होतो, तो आवरा. उरलेलं पुढच्या लेखाला लागेल.

पहिला खर्डा झाला की हे शब्द शोधून काढा: निसर्गरम्य, हिरवागार, साधीभोळी माणसं, अथांग सागर, लाल माती, माहेरचा ओलावा, ते रम्य दिवस. प्रत्येकाच्या जागी डोळ्यांनी दिसलेलं काहीतरी ठेवा, नाहीतर जागा रिकामी सोडा. हे शब्द वाईट नाहीत, पण पर्यटनाच्या जाहिरातींनी ते वापरून वापरून गुळगुळीत केले आहेत. वाचणाऱ्याची नजर त्यांवरून घसरून जाते. माती लाल आहे हे कोकणी वाचकाला सांगायला नको. पांढऱ्या गणवेशावरचा तिचा डाग धुताना काय वापरायचे, ते सांगा.

बोलीचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मालवणी असो, संगमेश्वरी असो, आगरी-कोळी असो वा दालदी, माणसं जशी बोलतात तसंच त्यांचं बोलणं लिहा. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तरी चालतं, बोलीत केलं तरी चालतं, फक्त एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच. कंसात अर्थ देत बसू नका. पुढच्या कृतीतून अर्थ कळू द्या. 'खंय होतंस इतको वेळ?' असं म्हणत आईने झाकलेलं ताट पुढे सरकवलं, एवढं लिहिलं तर नागपूरच्या वाचकालाही समजतं. बोली फक्त विनोदासाठी वापरायची खोड मात्र टाळा. आपली माणसं त्याच बोलीत रडतात आणि वाटण्याही करतात.

लेख बिघडतो तो बहुधा एकाच कारणाने: सगळी माणसं चांगली होऊन बसतात. वडील कष्टाळू, आई सोशिक, शेजारी मदतीला धावणारे. मग लिहिण्यासारखं काही राहतच नाही आणि हात पुन्हा अडतो. अशा वेळी प्रत्येक माणसाबद्दल एक खटकणारी गोष्ट वहीत लिहा. वडील मुंबईहून आले की दोन दिवस प्रेमाने वागायचे आणि तिसऱ्या दिवसापासून हिशोब मागायचे. आई एका सुनेला लोणी जास्त वाढायची. छापायचं की नाही ते नंतर ठरवा. लिहिताना ते तुम्हाला माहीत असणं महत्त्वाचं.

खऱ्या माणसांना जपा

छोट्या गावात कोण कोणाविषयी लिहितंय ते लपत नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण आपल्याकडे 'कर' लावलेल्या आडनावावरून गावही कळतं. आडनाव, वाडी, धंदा आणि मुलांची संख्या, चारही बदला. शक्यतो दोन माणसांचं एक करा. जमिनीच्या वाटणीचा वाद कोर्टात चालू असेल तर तो विषय आत्ता लेखात घेऊ नका, वहीत राहू द्या. कुणाचा आजार, कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची आत्महत्या यांबद्दल छापण्याआधी त्या घरच्यांना विचारा. नकार आला तर तो पाळा.

स्वतःच्या जखमेबद्दल लिहिताना वेळेची मर्यादा ठेवा. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. म्हणजे लिहिल्यावर तासभर उदास वाटणं स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण जाईना, तेच तेच डोळ्यांपुढे येऊ लागलं, तर वही बंद करा आणि जवळच्या माणसाशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. असा विषय पहिल्या लेखासाठी घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हात बसल्यावर घ्या.

निम्म्यावर अडलं तर

लेखाच्या मध्यावर थांबलात तर पुढे ढकलू नका, मागे जा. जिथवर लिहिताना मजा येत होती ते शेवटचं वाक्य शोधा. त्याच्या पुढचा परिच्छेद बहुधा खोटा असतो: तुम्ही प्रसंग सोडून त्याचा अर्थ सांगायला लागलेले असता, किंवा घडलं त्याहून बरं घडवलेलं असतं. तेवढा परिच्छेद काढून तिथून पुन्हा पंधरा मिनिटं लिहा. तरीही हलेना तर तोच प्रसंग दुसऱ्या माणसाच्या जागेवरून लिहून बघा. ट्रंक घेऊन आलेल्या भाऊंना ओटीवरची तुम्ही मुलं कशी दिसली असाल? हे पान लेखात येणार नाही, पण अडसर कुठे होता ते दाखवून देतं.

पहिला वाचक

झालेला लेख दोन दिवस बाजूला ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे धाप लागते तिथे वाक्य तोडा, जिथे आवाज उगाच गहिवरतो तिथे एक विशेषण कमी करा. मग एकाच माणसाला दाखवा, आणि 'कसा वाटला?' असं विचारू नका. 'छान' याखेरीज काही कळत नाही. विचारा: कुठे वाचायचा कंटाळा आला? काय दिसलं नाही? कुठला माणूस आणखी हवा होता? शक्यतो वाचणारा घरातला नसावा, कारण घरचे लेख वाचत नाहीत, स्वतःला शोधतात.

दिवाळी अंकाला पाठवायचा असेल तर पावसाळ्यातच तयार ठेवा. अंकांचं काम ऐन दिवाळीच्या खूप आधी सुरू होतं आणि गणपती झाल्यावर पाठवलेल्या लेखाला बहुधा जागा उरलेली नसते. युनिकोडमध्ये टंकलेली फाइल, शब्दसंख्या, पूर्ण पत्ता आणि फोन क्रमांक द्या. एकच लेख एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. आणि उत्तराची वाट बघत बसण्यापेक्षा यादीतल्या दुसऱ्या खुणेच्या नोंदीला त्याच आठवड्यात गजर लावा.